बांध, वाटणी आणि घर : पाया खणण्यापूर्वी काय पाहावे?



मागच्या वेळी या पानावर आपण रताळ्याच्या वेलांची निवड पाहिली. आज विषय जरा रुक्ष आहे, कागदपत्रांचा आहे. पण पीक एका हंगामाचे असते आणि कागदातली चूक तीन पिढ्यांना पुरते. म्हणून हा धडा कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावा, आणि शक्य तर रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचावा.

आपल्या भागातल्या एका कुटुंबाची हकीकत आधी सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, आणि तुम्हीही ओळखण्याचा प्रयत्न करू नये. कारण थोड्याफार फरकाने ही हकीकत अनेक घरांची आहे.

वडिलांच्या नावे २ एकर १० गुंठे जमीन. वडील वारले. मागे आई, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलींची लग्ने झालेली, एक चंदगड तालुक्यात दिलेली. दोघा भावांनी पंचांसमक्ष तोंडी वाटणी केली : रस्त्याकडची निम्मी थोरल्याला, मागची विहिरीकडची निम्मी धाकट्याला. बांधावर दगड रोवले, नारळ फोडला, काम झाले. उताऱ्यावर मात्र वडिलांचेच नाव राहिले. थोरल्याने रस्त्यालगत सिमेंटचे घर बांधले. कोणाला विचारले नाही. स्वतःच्या शेतात कोणाला विचारायचे? धाकट्याला मुलीच्या लग्नासाठी पैसे हवे होते. त्याने दोन गुंठे जागा शहरातल्या एका माणसाला स्टँप पेपरवर लिहून दिली. त्या माणसाने तारेचे कुंपण घातले आणि विहिरीकडे जाणारी गाडीवाट बंद झाली.

पुढे थोरल्याच्या मुलाने घरावर मजला चढवण्यासाठी बँकेत अर्ज केला. बँकेने तीन कागद मागितले : जमीन बिगरशेती झाल्याचा आदेश, पंचायतीचा मालमत्ता उतारा आणि बांधकाम परवाना. तिन्ही नव्हते. त्याच वर्षी नव्या शौचालयाच्या खड्ड्याचे पाणी विहिरीत झिरपू लागले आणि घरातली पोरे जुलाबाने आजारी पडली. दोघा भावांचे बोलणे बंद झाले. म्हातारी आई रविवारी देवळात एका मुलाकडे पाहायची आणि दुसऱ्याकडे पाहायचे टाळायची. मी वेदीवरून हे पाहत होतो.

यात कोणी लबाड नव्हते. सगळे अजाण होते. चार ठिकाणी चूक झाली : वारसा, वाटणी, घर आणि वाट. त्या चारही आपण क्रमाने पाहू.

१. वारसा : जमीन कोणाची झाली?

दोघा भावांनी जमीन निम्मी-निम्मी वाटली, पण ती त्या दोघांचीच नव्हती. आपल्या शेजारच्या हिंदू कुटुंबांना हिंदू वारसा कायदा लागू होतो. आपणा ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. हा फरक पुष्कळांना ठाऊक नसतो. आपल्या कायद्यात 'वडिलोपार्जित जमिनीत मुलाचा जन्मतः हक्क' असा प्रकार नाही. बाप जिवंत असेपर्यंत जमीन त्याची. तो मृत्युपत्र न करता वारला तर मिळकतीचा एक तृतीयांश भाग विधवेला जातो आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे वाटले जातात. 'मुलांमध्ये' म्हणजे मुलगे आणि मुली दोन्ही. लग्न झालेली मुलगीही त्यात येते. एखादा मुलगा वा मुलगी बापाआधीच वारली असेल तर तिचा वाटा तिच्या लेकरांना मिळतो.

आता आपल्या कुटुंबाचा हिशेब मांडा. २ एकर १० गुंठे म्हणजे ९० गुंठे. आईचा तिसरा हिस्सा ३० गुंठे. उरले ६०. चार लेकरे, प्रत्येकी १५ गुंठे. म्हणजे प्रत्येक भाऊ ४५ गुंठ्यांचा मालक म्हणून वागत होता, आणि कायद्याने त्याचे होते १५! धाकट्याने विकलेले दोन गुंठे आईचे, बहिणींचे आणि भावाचेही होते. पुढे आई मृत्युपत्र न करता वारली, तर तिचे ३० गुंठे पुन्हा चौघांत साडेसात-साडेसात गुंठे जातील.

मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न काही आजचा नाही. केरळातल्या जुन्या त्रावणकोर संस्थानात १९१६ च्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला भावाच्या हिश्श्याच्या चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातले जे कमी असेल तेवढेच मिळत असे. मेरी रॉय या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तिथेही १९२५ चाच कायदा लागू आहे. आपल्या बेळगाव भागात तर तो पूर्वीपासूनच आहे. तरीही आपल्याकडे बहिणीला 'माहेरचे दार उघडे ठेवायचे असेल तर सही कर' असे सांगितले जाते. बायबलमध्ये सलाफहादच्या पाच मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाच्या वतनात वाटा मागितला आणि त्यांचे म्हणणे योग्य ठरले, हे गणनाच्या पुस्तकात आपण वाचतो. तेव्हा बहिणीने वाटा मागितला म्हणून ती वाईट ठरत नाही.

बहिणीला आपला वाटा भावाला खुशीने द्यायचा असेल तर तोही तिचा हक्क आहे. मात्र त्यासाठी उपनिबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र नोंदवावे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कधीही घेऊ नये आणि कधीही देऊ नये.

बापाने जिवंतपणी मृत्युपत्र करून ठेवले तर पुष्कळ भांडणे टळतात. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आपल्या कायद्यात एक बारीक गोष्ट आहे : मृत्युपत्रात ज्याला काही दिले आहे तो, किंवा त्याचा नवरा वा बायको, साक्षीदार झाली तर त्याला दिलेले तेवढे दान रद्द होते. म्हणून साक्षीला शेजारी घ्यावा, मुलगा-सून नको. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

आता कागदाची गोष्ट. कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ प्रमाणे, वारसाने मिळालेल्या जमिनीची खबर तीन महिन्यांच्या आत महसूल खात्याला द्यावी लागते. त्यावरून फेरफार होऊन वारसांची नावे उताऱ्यावर चढतात. मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरीत अर्ज करावा. आपल्या कुटुंबाने हे काम नऊ वर्षे केले नव्हते. उशीर झाला म्हणून अर्ज करता येत नाही असे नाही. पण दरम्यान एखादा वारस गेला तर नावे वाढतात, सह्या वाढतात आणि गुंता वाढतो.

२. उतारा कसा वाचावा?

आपला उतारा (आरटीसी, ज्याला पहाणी पत्रही म्हणतात) कन्नडमध्ये असतो. घरातली शाळकरी मुले कन्नड वाचतात. त्यांना शेजारी बसवून वाचून घ्यावा. भूमी योजनेत हे उतारे संगणकावर आले, त्यामुळे तलाठ्याच्या दारात न ताटकळता नक्कल मिळते. पाहायचे एवढे :

रकाना ३ : एकूण क्षेत्र आणि त्यातले खराबा क्षेत्र. खराब्याचे 'अ' आणि 'ब' असे दोन प्रकार आहेत. 'ब' खराबा म्हणजे ओढा, रस्ता, स्मशान यांसारखी सार्वजनिक वापराची जागा. ती तुमच्या सर्व्हे नंबरात दिसली तरी ती तुम्हाला विकता वा बांधता येत नाही.

रकाना ९ : मालकांची नावे आणि प्रत्येकाचे क्षेत्र.

रकाना १० : ती मालकी कशी आली, कोणत्या फेरफाराने.

रकाना ११ : इतर हक्क आणि बोजा. सोसायटीचे वा बँकेचे कर्ज इथे लिहिलेले असते. कर्ज फेडले तरी बोजा आपोआप उतरतो असे समजू नका. फेडल्याचा दाखला देऊन तो कमी करून घ्या.

जमीन विकत घेताना आणखी एक पाहावे. अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कर्नाटक कायद्याप्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. स्वस्त मिळते म्हणून घेतली तर पैसे आणि जमीन दोन्ही जाण्याची पाळी येते. शिवाय त्या गरिबाची जमीन अशी काढून घेणे हे पापही आहे.

३. वाटणी : दगड रोवून वाटणी होत नाही

तोंडी वाटणी कुटुंबात चालते. कचेरीत चालत नाही. जमिनीचे तुकडे पाडून ज्याचे त्याला द्यायचे असतील तर तीन पायऱ्या आहेत.

पहिली, मोजणी. सर्व्हे नंबराचा एक भाग विकायचा, बक्षीस द्यायचा किंवा वाटून घ्यायचा असेल तर त्या भागाचा नकाशा आधी लागतो. कर्नाटकात त्याला '११-ई' नकाशा म्हणतात. त्यासाठी अर्ज केल्यावर सर्व्हेअर जागेवर येऊन मोजतो. त्या दिवशी सर्व हिस्सेदार आणि लगतचे शेतकरी हजर असावेत. साखळी पडते तेव्हा जो हजर असतो तो नंतर कमी भांडतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरी, नोंदणी. वाटणीपत्र उपनिबंधकाकडे नोंदवावे. नोंदणी कायदा, १९०८ प्रमाणे स्थावर मिळकतीचा हक्क देणारा-घेणारा कागद नोंदलेला नसेल तर त्याने हक्क जात नाही. स्टँप पेपरवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून दिलेल्या 'खरेदी'ने जमिनीची मालकी मिळत नाही. शहरातल्या त्या माणसाने पैसे दिले, कुंपण घातले, पण तो मालक झाला नाही. त्याचेही नुकसान झाले, हे विसरू नये.

तिसरी, फेरफार आणि पोटहिस्सा. नोंदलेल्या कागदावरून उताऱ्यावर नावे बदलतात आणि नकाशात हिस्सा वेगळा पडतो. इथवर काम झाले म्हणजे वाटणी पुरी झाली.

इथे एक इशारा. आपले पाहुणे चंदगड, गडहिंग्लज, आजरा भागात आहेत. ते सांगतात तो कायदा महाराष्ट्राचा असतो. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, म्हणून दोन्हीकडचे शब्द सारखे वाटतात. पण त्यानंतर कायद्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदी कायदा दुरुस्त होत होत चालत आला. कर्नाटकाने १९६६ साली स्वतःचा तसा कायदा केला आणि पुढे तो रद्द केला. तिकडे सातबारा, इकडे आरटीसी. तेव्हा पाहुण्यांचा सल्ला प्रेमाने ऐकावा, पण निर्णय इथल्या कचेरीत विचारून घ्यावा.

कायद्याने तुकडा पाडता आला म्हणजे तो पाडावाच असेही नाही. पंधरा गुंठ्यांच्या तुकड्यात बैलाचे औत वळवायलाच जागा जाते. बांधाबांधात जमीन जाते. बोअर प्रत्येकाला मारता येत नाही. माझा सल्ला असा की, उताऱ्यावर प्रत्येकाचे नाव आणि हिस्सा स्पष्ट लिहून घ्यावा, पण कसणे शक्य तोवर एकत्र ठेवावे. जो कसतो त्याने इतरांना ठरलेला वाटा द्यावा आणि तो वहीत लिहून सही घ्यावी. हक्क वेगळे आणि नांगर एक, असे झाले तर जमीनही टिकते आणि नातेही टिकते.

४. शेतात घर : काय चालते, काय चालत नाही?

'माझ्या शेतात मी काहीही बांधीन' हे म्हणणे अर्धे खरे आहे. १९६४ च्या कायद्याचे कलम ९५ सांगते की शेतीच्या सोयीसाठी शेतकऱ्याला आपल्या जमिनीत शेतघर बांधता येते, विहीर वा तळे खणता येते, जमीन सुधारता येते. अवजारांची खोप, गोठा, राखणीचे घर यात येते. शेतघरालाही क्षेत्राची मर्यादा आहे. मात्र राहती वस्ती, दुकान, मंगल कार्यालय, गोदाम, कारखाना यासाठी शेतजमीन वापरायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. यालाच आपण 'एन. ए. करणे' म्हणतो. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ९६ प्रमाणे दंड होतो आणि बांधकाम काढण्याचा आदेशही निघू शकतो.

पुष्कळांना वाटते की एन. ए. म्हणजे सरकारने पैसे काढण्याची युक्ती. पण त्या कलमाचा हेतू वाचा. परवानगी देताना लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि सोय जपण्यासाठी अटी घालाव्यात, आणि घरांचे प्लॉट पाडायचे असतील तर त्यांचा आकार, मांडणी आणि जायची-यायची वाट पुरेशी असावी, असे त्यात सांगितले आहे. ज्या वस्तीत अशी परवानगी न घेता प्लॉट पडले तिथे जाऊन पाहा : रुग्णवाहिका आत जात नाही, गटार नाही, पावसाळ्यात घरापुढे गुडघाभर पाणी.

परवानग्यांची उतरंड ध्यानात ठेवावी, कारण लोक एक घेतात आणि सगळ्या मिळाल्या असे समजतात.

(अ) जागा गावठाणात असेल तर एन. ए. लागत नाही. पण घर बांधायला ग्रामपंचायतीचा परवाना लागतोच. कर्नाटक पंचायत राज कायदा, १९९३ चे कलम ६४ त्यासाठी आहे. जुने घर पाडून नवे बांधताना, मजला चढवतानाही विचारावे.

(आ) जागा शेतजमिनीची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांचा बिगरशेती आदेश, मग पंचायतीचा परवाना.

(इ) एकाहून अधिक प्लॉट पाडायचे असतील तर नगररचना कायदा, १९६१ प्रमाणे लेआउट मंजूर करून घ्यावा लागतो. जी गावे बुडाच्या, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या, हद्दीत आहेत तिथे त्यांची मंजुरी लागते.

(ई) त्यानंतर पंचायतीच्या ई-स्वत्तू नोंदीतून मालमत्तेचा उतारा मिळतो. रीतसर मालमत्तेला नमुना ९ आणि ११ अ मिळतो. रीतसर नसलेल्या मालमत्तेला ११ ब. ११ ब हाती आला म्हणजे घर कायदेशीर झाले असे समजू नये. घरपट्टी भरल्याची पावती म्हणजे मालकी नव्हे आणि परवानाही नव्हे.

प्लॉट घेणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीस बाय चाळीसचा प्लॉट १,२०० चौरस फुटांचा. भागाकार केला तर एकरात ३६ प्लॉट येतात. आता जो दलाल एका एकरात ३२-३३ प्लॉट विकतो त्याने रस्ता, गटार आणि मोकळी जागा कुठे ठेवली? त्याने ती ठेवलेलीच नाही. तो रस्ता उद्या तुमच्याच अंगणातून जाणार.

हा प्रश्न आता अधिक तातडीचा झाला आहे. पूर्वी बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यास कर्नाटकात बंदी होती. भूसुधारणा कायद्यातली ती कलमे २०२० साली काढून टाकली गेली. शहर जवळ आहे. रोख रक्कम घेऊन माणसे बांधावर येतात. लग्न, आजारपण, जुने कर्ज अशा अडचणीच्या वेळी येतात. विकूच नका असे मी म्हणत नाही. कधी विकावेच लागते. पण घरातल्या सर्व हिस्सेदारांना, बायकोला आणि आईलाही, विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नका. एकदा पैसे हातात आले की माणूस अर्धा बांधला जातो.

गावठाणातल्या घरांविषयीही एक शब्द. तिथल्या पुष्कळ घरांना पिढ्यान्‌पिढ्या मालकीचा कागदच नाही. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना सुरू केली. तीत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मालमत्ता पत्रक दिले जाते. मोजणीच्या वेळी घरी थांबावे, परडे-अंगण कुठवर आहे ते दाखवावे, आणि मसुद्यात चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. शेतजमिनीला ही योजना लागू नाही.

५. वाट आणि पाणी

वाटणी करताना लोक गुंठे मोजतात आणि वाट विसरतात. मागचा हिस्सा ज्याला जातो त्याची गाडी, ट्रॅक्टर, उसाची वा बटाट्याची पोती कुठून बाहेर येणार? वाटणीपत्रातच लिहा : वाट किती फूट रुंद, कोणत्या बांधाने, कोणाकोणाची. विहिरीत कोणाचा किती वाटा, पाण्याची पाळी कशी, मोटारीचे बिल कोणी भरायचे, हेही लिहा. सुविधाधिकार कायदा, १८८२ प्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेचा हक्क मिळू शकतो. पण तो सिद्ध करायला दिवाणी न्यायालयात जावे लागते. दोन ओळी लिहिल्या असत्या तर ते वाचले असते.

आता आरोग्याचे. घर बांधताना आधी विहीर वा बोअर कुठे आहे ते पाहा, आणि शौचालयाचा शोषखड्डा तिच्यापासून निदान ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर लांब, आणि जमिनीच्या उताराने खालच्या बाजूस ठेवा. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर येते तेव्हा जवळच्या खड्ड्यातले जंतू विहिरीत उतरतात. जुलाब, कावीळ, विषमज्वर हे सगळे त्याच वाटेने येतात. आपल्या कुटुंबात तो खड्डा विहिरीपासून वीस फुटांवर होता. गोठा घराला चिकटून बांधू नये, आणि उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला नसावा. स्वयंपाकघराला धूर जायला वाट ठेवावी. सिमेंटच्या घरात ती ठेवायची राहून जाते आणि बायकांच्या छातीत धूर भरतो.

६. मग त्या कुटुंबाचे काय झाले?

चार संध्याकाळी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो. पहिल्या दिवशी भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मी कागदावर ९० गुंठ्यांचा हिशेब मांडला तेव्हा दोघेही गप्प झाले, कारण जी जमीन आपली म्हणून ते भांडत होते ती बहुतेक आईची आणि बहिणींची होती. बहिणींना बोलावून घेतले. थोरली म्हणाली, "मला वाटा नको, पण मला विचारायला तर हवे होते." धाकटी विधवा आहे, तिने वाटा घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता.

मग वारसाची नोंद झाली. थोरल्या बहिणीने हक्कसोडपत्र नोंदवून दिले. मोजणी करून वाटणीपत्र झाले, त्यात बारा फुटांची गाडीवाट लिहिली. शहरातल्या माणसाला त्याचे पैसे हप्त्याने परत करायचे ठरले. त्याने कुंपण काढले. शौचालयाचा खड्डा बुजवून दुसरीकडे केला. थोरल्याने घराखालच्या जागेसाठी अर्ज केला आहे. दंड भरावा लागेल आणि निकाल अजून यायचा आहे. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. खर्च पुष्कळ झाला, आणि त्यातला बराचसा टळला असता. पण परवा आई देवळात दोघांच्या मध्ये बसली होती.

७. पाया खणण्यापूर्वीची यादी

ही यादी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी.

(१) उताऱ्यावर आज कोणाचे नाव आहे? मेलेल्या माणसाचे असेल तर आधी वारसा नोंद.
(२) सर्व हिस्सेदार कोण? आई आणि बहिणी धरल्या का?
(३) रकाना ११ मध्ये बोजा आहे का?
(४) जागा गावठाणाची, शेतीची की 'ब' खराब्याची?
(५) शेतीची असेल तर बिगरशेती आदेश मिळाला का?
(६) पंचायतीचा परवाना लेखी हातात आहे का?
(७) प्लॉट असेल तर लेआउट मंजूर आहे का, आणि नमुना ९ व ११ अ दाखवतो का?
(८) वाट आणि पाणी कागदावर लिहिले का?
(९) विहिरीपासून खड्डा ५० फूट लांब आहे का?
(१०) प्रत्येक पैशाची पावती आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतली का?

नियम आणि फी वेळोवेळी बदलतात. म्हणून पंचायत विकास अधिकारी, तलाठी आणि उपनिबंधक कार्यालय इथे त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा, आणि उत्तर शक्यतो लेखी मागावे. मध्यस्थाला मूळ कागद कधीही देऊ नये, नक्कल द्यावी.

घरी चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या जमिनीचा ताजा उतारा घरात आहे का? तो शेवटी कोणी, केव्हा वाचला?
२. आज घरातला कर्ता गेला तर कोणाला किती गुंठे येतील? वहीत मांडून पाहा.
३. आपल्या वाटेने कोण जाते आणि आपण कोणाच्या वाटेने जातो? हे कुठे लिहिलेले आहे का?
४. लग्न झालेल्या बहिणीला शेवटचे केव्हा विचारले?

ज्यांना उतारा वाचून हवा असेल त्यांनी रविवारच्या मिस्सानंतर तो घेऊन यावे. मी वकील नाही. पण रकाने दाखवीन आणि पुढे कोणत्या कचेरीत जायचे ते सांगेन. येताना भावालाही बरोबर आणावे.